उतारा कोठला, आधार कोणाचा?

वाचकहो, सातबाराचा उतारा आपणांपैकी बहुतेकांनी हाताळलेला असेल. त्या कागदावर काय काय असते? गाव कोणते, तालुका कोणता, जिल्हा कोणता, गट क्रमांक किती, क्षेत्र किती, जमीन कोणाच्या नावावर आणि तीत पीक कोणते. एवढे सगळे लिहिलेले असते म्हणूनच तो कागद कामाचा. उद्या एखादा गृहस्थ कचेरीत जाऊन सांगू लागला, की "आमची जमीन आहे हो, ओढ्याच्या पलीकडे, चिंचेजवळ, सगळ्या गावाला ठाऊक आहे," तर त्याचे काम होईल काय? जमीन खरोखर त्याचीच असेल. पण एखादी गोष्ट खरी असणे निराळे आणि ती दुसऱ्याला तपासून पाहता येणे निराळे.

आता गंमत पाहा. पुस्तकातून घेतलेल्या मजकुरालाही मराठीत आपण 'उतारा'च म्हणतो. विद्यार्थी निबंध लिहितो, त्यात कोण्या कवीच्या चार ओळी घालतो, आणि वर लिहितो, "तुकाराम महाराजांनी म्हटलेच आहे." कोठे म्हटले आहे? कोणत्या गाथेत? कितव्या अभंगात? ते काही तो सांगत नाही. म्हणजे हा उतारा ओढ्यापलीकडच्या जमिनीसारखाच झाला. जमिनीच्या उताऱ्याला जे नियम आपण बिनतक्रार मानतो, तेच पुस्तकाच्या उताऱ्याला लावले, की निबंधात आधार कसा द्यावा हा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. कारण आधार देण्याची ही रीत परीक्षकांनी मुलांना छळण्यासाठी काढलेली नाही. ती आपल्या घरात फार जुनी आहे.

कीर्तनातले प्रमाण

खेड्यातल्या माणसाला आधार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. त्याने कीर्तन ऐकलेले असते. कीर्तनकार बुवा एक सिद्धान्त मांडतात आणि लगेच त्याला प्रमाण देतात. ज्ञानोबा माउलींची ओवी देतात, नाहीतर तुकोबांचा चरण देतात. 'प्रमाण' हा शब्दच बोलका आहे. बुवांनी नुसते आपल्या पदरचे सांगून भागत नाही. आणि चरण चुकला, तर मागे उभा असलेला एखादा म्हातारा टाळकरी तेथल्या तेथे तो दुरुस्त करतो. ज्याला गाथा पाठ आहे असा श्रोता समोर असला, की बोलणाऱ्याला जपून बोलावे लागते. लेखी निबंधात हा टाळकरी समोर नसतो. म्हणून त्याच्या जागी आपण पान क्रमांक लिहावयाचा, म्हणजे ज्याला शंका येईल त्याने उठून पाहावे.

आपल्या संतकवींनी तर स्वतःच्या रचनेतच नाव गुंफून ठेवले. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' असे येते. या नाममुद्रा. त्या काळी छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हते. तेव्हा कवितेच्या पोटातच कवीची सही. परंतु नुसती सही पुरत नाही, हेही आपल्याच वाङ्मयाने दाखवून दिले आहे. नामदेवांच्या नावावर चालत आलेल्या पुष्कळ अभंगांत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना मिसळली आहे, असे अभ्यासकांनी दाखविले. दोघांचीही मुद्रा 'नामा'. मग हा अभंग कोणत्या नाम्याचा? तेथे कोणत्या पोथीत तो सापडला, ती पोथी किती जुनी, याचा शोध घ्यावा लागतो. नाव तेवढे पाहून निर्णय देता येत नाही.

नाथांनी घालून दिलेला धडा

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सांगितली गेली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे लोक ती हाताने उतरून घेत राहिले. हाताने उतरविताना काय होते ते शिक्षकांना सांगावयास नको. फळ्यावरचा धडा चाळीस मुलांनी उतरवून घेतला, तर चाळीस तऱ्हा होतात. कोणी शब्द गाळला, कोणी न समजलेल्या शब्दाऐवजी समजणारा घातला, कोणी भक्तीच्या भरात आपलीच एक ओवी मध्ये सरकवून दिली. पैठणच्या एकनाथ महाराजांनी अनेक प्रती जमविल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी एक ताकीदही देऊन ठेवली. तिचा भावार्थ असा, की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असे समजावे.

नाथ स्वतः केवढे कवी! त्यांनी घातलेली ओवी वाईट थोडीच झाली असती? पण ज्ञानेश्वरांचे ते ज्ञानेश्वरांचे आणि माझे ते माझे, ही सीमा त्यांनी पाळली. शेताच्या बांधाची किंमत शेतकऱ्याला ठाऊक असते. निबंधातली अवतरणचिन्हे म्हणजे हा बांधच. त्या चिन्हांच्या आतले दुसऱ्याचे, बाहेरचे माझे. बांध फोडून दुसऱ्याचे पीक आपल्या वावरात दाखविणे याला आपण जे नाव देतो, तेच पुस्तकाच्या बाबतीत वाङ्मयचौर्य.

संस्कृतातही ही शिस्त होती. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने आरंभीच जाहीर केले आहे, की ज्याला मूळ नाही असे मी काही लिहिणार नाही आणि ज्याची गरज नाही असे काही बोलणार नाही. विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर ही दोन कलमे लिहून ठेवावीत. पहिले कलम सगळे सांगतात, दुसरे विसरतात. वीस ओळींचा उतारा घालून पान भरणे हाही दोषच आहे.

छापखाना आला, प्रश्न वाढले

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी तुकोबांची गाथा संपादून इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत प्रसिद्ध केली. साडेचार हजारांवर अभंग. निरनिराळ्या जुन्या वह्या पाहून, पाठ कोठे कसा भिन्न आहे याची नोंद करून त्यांनी हे काम केले. पुढे आणखीही गाथा निघाल्या. वारकरी मंडळींत जोगमहाराजांची गाथा प्रसिद्ध आहे. आता निबंध लिहिणाऱ्याला येथे एक अडचण येते, ती नीट ध्यानात घ्या. प्रत्येक गाथेत अभंगांचा क्रम निराळा. एका गाथेतला हजारावा अभंग दुसऱ्या गाथेत हजारावा असेलच असे नाही. म्हणून 'तुकाराम, अभंग १०००' एवढे लिहून भागत नाही. गाथा कोणती, संपादक कोण, आवृत्ती कोणत्या सालची, हे सांगितलेच पाहिजे. नाहीतर गाव न लिहिता नुसता गट क्रमांक लिहिल्यासारखे होईल. त्या क्रमांकाची जमीन गावोगाव निघेल!

ज्ञानेश्वरीचे तसेच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली एक निराळी प्रत छापली. तिच्यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाले. साखरेमहाराजांची प्रत निराळी. ओव्यांचे आकडे थोडेफार मागेपुढे होतात. दासबोधाचे काम त्या मानाने सोपे, कारण समर्थांनी रचनाच मोजूनमापून केली. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास. दशक, समास आणि ओवी असे तीन आकडे दिले, की कोणाच्याही घरातल्या दासबोधात ती जागा सापडते. पण तेथेही पाठ कोणत्या प्रतीचा घेतला हे सांगणे बरे.

पुढे १८७८ साली पुण्यात काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आदी मंडळींनी 'काव्येतिहाससंग्रह' मासिक सुरू केले. जुन्या कविता, बखरी, पत्रे लोकांच्या घरांत, माळ्यांवर, फडताळांत पडली होती. ती छापून काढण्याचा हा उद्योग होता. कोणाकडची पोथी, कोणी दिली, याची विचारपूस या काळी होऊ लागली. कविता आणि इतिहास यांची नावे त्या मासिकाच्या मथळ्यातच शेजारी शेजारी आहेत, हे पाहण्यासारखे आहे. वाङ्मयाचा अभ्यास असो की इतिहासाचा, कागद कोठून आला हा प्रश्न दोन्हीकडे पहिला.

एका विद्यार्थ्याचा निबंध

आता एका विद्यार्थ्याच्या निबंधाची हकीकत सांगतो. साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्याचे मराठी भाषांतर झाले आणि शाळांतून ते चालू लागले. साहेबाने लिहिले ते खरे, असा तो काळ. १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने या इतिहासावर टीका करणारा निबंध लिहिला. तो 'विविधज्ञानविस्तार' मासिकात छापून आला. ग्रँट डफचे काय चुकले, काय राहिले, मराठी कागदपत्रे का शोधली पाहिजेत, याची चर्चा महाराष्ट्रात पुढे जी वाढली तिची सुरुवात या निबंधाकडे दाखविली जाते.

विशीतल्या मुलाला एवढे बळ कशाने आले? आधार मागण्याने. आणि डफच्या पदरात एक पुण्य टाकले पाहिजे. त्याने पानाच्या तळाशी टिपा देऊन आपण काय पाहून लिहितो हे पुष्कळ ठिकाणी सांगून ठेवले होते. ज्याने आधार सांगितला त्याला खोडून काढता येते, आणि म्हणूनच त्याचा मानही राहतो. ज्याने आधारच सांगितला नाही त्याच्याशी वाद तरी काय घालणार?

पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पानिपतच्या आधीच्या दहाअकरा वर्षांतली पत्रे त्यात होती. अशा बावीस खंडांपर्यंत ही माला गेली. राजवाड्यांनी प्रत्येक पत्राला अनुक्रमांक दिला, त्याला 'लेखांक' म्हणतात. आज इतिहासाचा अभ्यासक 'राजवाडे, खंड अमुक, लेखांक अमुक' एवढेच लिहितो आणि दुसरा अभ्यासक ते पत्र काढून वाचू शकतो. तो दुसरा जवळ असो की परगावी, आजचा असो की पन्नास वर्षांनी येणारा असो.

आधाराने काय बदलते

कोणी म्हणेल, गुरुजी, तारीख चार दिवस इकडेतिकडे झाली तर बिघडले काय? बरे, शिवाजी महाराजांच्या जन्माचेच उदाहरण घेऊ. उत्तरकालीन काही बखरींच्या आधारे शके १५४९, वैशाख महिना, म्हणजे इसवी सन १६२७, ही मिती पुष्कळ दिवस चालत होती. भोरजवळच्या कारी गावचे जेधे देशमुख यांच्या घरी एक जुनी शकावली निघाली. लोकमान्य टिळकांनी ती मिळवून १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत पुढे आणली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ अशी मिती आहे. पुढे १९२७ साली परमानंद कवीचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य छापून निघाले. त्यातही शके १५५१ चा फाल्गुन मिळाला. महाराजांच्या काळाशी जवळचे दोन निराळे आधार एकच मिती सांगतात, म्हणून तिचे वजन वाढले. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी करते, त्याच्या मागे हे कागद आहेत. आणि यातला एक आधार तर काव्य आहे, बरं का! तेव्हा वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने आपला आधार हलका समजू नये.

येथेच वर्षे लिहिण्याची एक खुबी सांगून टाकतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, असे आपण मुलांना सांगतो. मग १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९ झाले. १६३० कसे? कारण शक चैत्री पाडव्याला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला. फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष उलटून गेलेले असते. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या मितीला ७९ मिळवावे लागतात. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा नुसता शक छापलेला असतो. विद्यार्थ्याने तो तसाच उतरवावा, शके असे स्पष्ट लिहावे आणि पुढे इसवी सन द्यावा. नुसता आकडा लिहून ठेवला तर वाचणारा फसतो.

आधार देण्याच्या कामाचा सर्वांत मोठा नमुना पाहावयाचा असेल तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. १९१९ साली काम सुरू झाले, १९६६ साली अठरा पर्वे पूर्ण झाली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून संपादनाची धुरा वाहिली आणि १९४३ मध्ये ते गेल्यावर इतरांनी ती पुढे नेली. प्रत्येक पानावर वर मूळ पाठ आणि खाली टिपांत कोणत्या हस्तलिखितात काय निराळे आहे त्याची नोंद. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जुन्या प्रतींच्या तुलनेत ती मूळ पाठात ठरली नाही. मग संपादकांनी ती फेकून दिली काय? नाही. ती परिशिष्टात ठेवली आणि कोणकोणत्या हस्तलिखितांत ती आहे हेही सांगितले. आपल्या मताविरुद्धचा आधारसुद्धा जपून ठेवावयाचा, यालाच मी खरी सचोटी म्हणतो.

'कोठे?'

ही सचोटी मी कशी शिकलो ते सांगतो. कॉलेजात असताना मी संतवाङ्मयावर एक निबंध लिहिला होता. त्यात तुकोबांच्या म्हणून दोन ओळी मोठ्या डौलाने घातल्या होत्या. आमच्या सरांनी बाकी निबंधावर काहीच शेरा मारला नाही. त्या दोन ओळींशेजारी मात्र लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, 'कोठे?' मी चार दिवस ग्रंथालयात बसून गाथा चाळली. ओळी सापडल्या नाहीत. सापडणार कशा? मी त्या एका मार्गदर्शकातून घेतल्या होत्या, आणि त्या मार्गदर्शकाने त्या कोठून घेतल्या हे देव जाणे. मी सरांकडे गेलो आणि खाली मान घालून सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, चार दिवस गाथा वाचलीस ना? मग निबंध आता लिही." तो निबंध मी पुन्हा लिहिला. पहिल्यापेक्षा तो निम्मा झाला, पण त्यातली प्रत्येक ओळ मला दाखविता येत होती.

आज परीक्षक म्हणून मी मुलांचे निबंध तपासतो तेव्हा तीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. पाच मुले एकाच कवितेची ओळ देतात आणि पाचही जण तीत एकाच ठिकाणी एकच चूक करतात. मूळ पुस्तक एकानेही उघडलेले नाही, हे ती चूक ओरडून सांगते. हल्ली तर भ्रमणध्वनीवर रोज सकाळी कोणा ना कोणा थोराच्या नावाने सुभाषिते येतात. ओळ सुंदर असते, शेजारी चित्र असते, खाली मोठे नाव असते. फक्त ग्रंथाचे नाव नसते. अशा वेळी मनाशी लाल पेन्सिलीने 'कोठे?' असे लिहावे.

निबंधात हे कसे लिहावे

आता प्रत्यक्ष कृती. शिक्षकांनी मुलांना ही पायरी पायरीने दाखवावी.

पहिली गोष्ट, पुस्तक हातात आले की वाचण्याआधीच मुखपृष्ठाच्या आतले पान उघडावे आणि वहीत टिपून घ्यावे. लेखकाचे नाव, संपादक असल्यास त्याचे, पुस्तकाचे पूर्ण नाव, आवृत्ती कितवी, प्रकाशक कोण, गाव कोणते, साल कोणते. हे नंतर करीन म्हटले की राहते. पुस्तक परत जाते आणि पान क्रमांकासाठी पुन्हा पाच कोसांची पायपीट होते.

दुसरी गोष्ट, उतारा एकदोन ओळींचा असेल तर वाक्यातच अवतरणचिन्हांत द्यावा. मोठा असेल, अगर कविता असेल, तर नवीन ओळीवर, डाव्या बाजूने थोडे आत घेऊन लिहावा. कवितेच्या ओळी मुळात जेथे तुटतात तेथेच तोडाव्यात. मधला भाग गाळला तर तेथे तीन टिंबे द्यावीत. आपला एखादा शब्द समजुतीसाठी घालावाच लागला तर तो चौकटी कंसात घालावा, म्हणजे तो आपला आहे हे दिसेल.

तिसरी गोष्ट, उताऱ्यातले शुद्धलेखन मुळाप्रमाणे ठेवावे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'केलें', 'घरांत' असे अनुस्वार दिसतील. पुष्कळ विद्यार्थी ते छापखान्याची चूक समजून पुसून टाकतात. तसे करू नये. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतली खानदेशी बोली तर मुळीच सरळ करू नये. ती सरळ केली की ती बहिणाबाईंची राहत नाही.

चौथी गोष्ट, उतारा संपला की वर बारीक आकडा द्यावा आणि त्याच आकड्याची टीप पानाच्या तळाशी किंवा निबंधाच्या शेवटी द्यावी. टिपेत लेखक, पुस्तक, साल आणि पृष्ठ. मासिकातला लेख असेल तर मासिकाचे नाव, महिना आणि वर्षही. चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'सारख्या मालेतून घेतले तर अंक कितवा ते सांगावे, कारण तिचे ८४ अंक आहेत. संगणकावरच्या पानावरून घेतले असेल तर लेखकाचे व पानाचे नाव, पत्ता आणि आपण ते कोणत्या दिवशी पाहिले ती तारीख लिहावी, कारण तसले पान उद्या बदलूही शकते. विद्वानांच्या टिपांत 'तत्रैव' आणि 'उ. नि.' असे शब्द दिसतात. त्यांना भिऊ नये. 'तत्रैव' म्हणजे वरच्याच ठिकाणी, आणि 'उ. नि.' म्हणजे वर उल्लेखिलेले पुस्तक.

पाचवी गोष्ट, आणि हीच सर्वांत मोलाची. जे पाहिले असेल त्याचेच नाव लिहावे. मोरोपंतांची आर्या तुम्हाला परशुराम बल्लाळ गोडबोले यांच्या 'नवनीता'त मिळाली असेल तर 'नवनीत' लिहा. मोरोपंतांचा मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणू नका. कोणा टीकाकाराच्या पुस्तकात दुसऱ्याचा उतारा सापडला, तर 'अमुकांच्या पुस्तकात उद्धृत' असे स्पष्ट सांगा. यात कमीपणा काही नाही.

शेवटी वापरलेल्या पुस्तकांची यादी आडनावांच्या अकारविल्हे द्यावी. एकच रीत धरावी आणि शेवटपर्यंत पाळावी. कोठे स्वल्पविराम, कोठे पूर्णविराम, याविषयी निरनिराळी विद्यापीठे निरनिराळे सांगतात. ते सांगतील तसे करावे. मुद्दा एवढाच, की वाचणाऱ्याला त्या जागी जाऊन पोहोचता आले पाहिजे.

ज्यांचे नाव कोठेच छापलेले नाही

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. पुस्तकात असलेल्यांचे नाव आपण लिहू. पण ज्या आजीच्या तोंडच्या ओव्या मुलगा निबंधात घालतो, तिचे काय? बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्यांनी लिहून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचे पुत्र सोपानदेव यांना ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह जगापुढे आणता आली. लिहून ठेवली नसती तर? तशा किती जणींची गाणी जात्याबरोबर थांबली याची मोजदाद नाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे मोठे काम केले. खेडोपाडीच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत. त्यांनी ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि तिचे गाव टिपून ठेवले. 'लोकगीत' असे मोघम न म्हणता, ही ओवी अमक्या गावच्या अमक्या बाईने सांगितली, असे म्हटले. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावरही कधी चढले नाही, तिचे नाव तिच्या ओवीवर चढले. आधार देणे याला मी नुसता परीक्षेचा नियम का मानीत नाही, ते आता आपल्या ध्यानात येईल.

तेव्हा शिक्षक मंडळींना माझी एकच विनंती आहे. पुढच्या निबंधाला मुलांना मोठा विषय देऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून एक ओवी, एक म्हण अगर एक उखाणा आणावयास सांगा. ती जशी बोलली तशी, तिच्याच बोलीत लिहावी. खाली तिचे पूर्ण नाव, गाव, तालुका, ती कोणाकडून शिकली आणि मुलाने कोणत्या तारखेला ऐकली, एवढे लिहावे. नाव लिहू का, असे आजीला आधी विचारावे. मग वर्गात त्या वह्या वाचून दाखवाव्यात. दोन मुलांनी एकच ओवी आणली आणि तीत एक शब्द निराळा निघाला, तर फळ्यावर दोन्ही पाठ शेजारी शेजारी मांडावेत. नाथांनी पैठणास जे केले तेच ती मुले आपल्या परीने करीत असतील.